मानशीकडचे दोन हापे

त्या हिवाळ्यात आमच्या घरी रोज सकाळी एक अंडं फुटायचं आणि त्यातलं पांढरं तळ्यातल्या चोणक माशांच्या वाट्याला जायचं. पिवळं उरायचं. साठ दिवस, साठ पिवळी. बायकोने आधी पोळ्यांच्या कणकेत मळून पाहिलं, मग बेबिंका करायचा घाट घातला (पिवळं जिरवायला गोव्यात याहून उत्तम सोय नाही), आणि शेवटी शेजारच्या वहिनींच्या मांजराला लळा लावला. मुलगा म्हणाला, "बाबा, मासे डाएटवर आणि आम्ही कोलेस्टेरॉलवर."

माशांच्या खाद्यात जीवाणू मिसळून द्यायचे, म्हणजे प्रोबायोटिक, या एका गोष्टीपायी हे सगळं चाललं होतं. कुणी अनुभव विचारला की मी पटकन "फायदा होतो" असं सांगत नाही, कारण "कितपत?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि त्याचं उत्तर द्यायला मला दोन हंगाम लागले.

आमचं तळं पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी, खाजनाच्या कडेला. अर्धा एकर, भाडेपट्टीवर. खाजन म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं लाकडी दार. भरती-सुकतीच्या जोराने ते आपसूक उघडतं, मिटतं. माझ्या तळ्याला तिचीच धाकटी बहीण आहे, फळ्या हाताने काढायच्या-घालायच्या. एका टोकाला ही मानस, दुसऱ्या टोकाला खारफुटीची सावली आणि गुडघाभर चिखल. ही दोन टोकं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

रायगड-अलिबागेकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच आमचा चोणक. पूर्वी मानशीतून जेवढा आत शिरेल तेवढाच आपला. चेन्नईच्या सीबा या केंद्रीय संस्थेने 1997 साली त्याचं बंदिस्त प्रजनन साधलं, तेव्हापासून हॅचरीतलं (पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातलं) बीज मिळण्याची वाट मोकळी झाली. मी तामिळनाडूतून मागवतो. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून येतं. पिल्लं तळ्यात मोकळी सोडण्याआधी दोन-तीन महिने हाप्यात वाढवावी लागतात. हापा म्हणजे जाळीची चौकोनी पेटी, चार बांबूंना मच्छरदाणीसारखी बांधलेली, फक्त तोंड वर. चोणकाची जात भावाला खाणारी. आपल्या लांबीच्या दोन तृतीयांश असलेला भाऊ तो सहज गिळतो. म्हणून दर आठवड्याला लहान-मोठे निवडून वेगळे करायचे. प्रत्येक निवडणीत त्यांचे खवले खरवडतात, मासा घाबरतो, दोन दिवस खाणं टाकतो, आणि रोग शिरायचा तो याच दोन दिवसांत.

2021 च्या हंगामात तो शिरला. तेव्हा मी खाद्य म्हणून बाजारातला चुरा माल द्यायचो, मोडकी तारली आणि कुणी न घेतलेली बारीकसारीक मासळी. स्वस्त पडतं असं वाटतं, पण एक किलो चोणक वाढवायला सात-आठ किलो चुरा जातो आणि उरलेला हाप्याच्या तळाशी कुजतो. जानेवारीत पिल्लं काळपटायला लागली. कोपऱ्यात एकटी उभी राहायची, खाद्य टाकलं तरी वळायची नाहीत. काहींच्या मागे पांढरा दोरा लोंबत असायचा. ती विष्ठा, पण आत अन्नच नसलेली, नुसता चिकट पदर. मी एक मेलेलं पिल्लू आदोळीवर (विळीवर) उभं चिरलं. आतडं बोटभरसुद्धा नाही. ते फुगलेलं, पारदर्शक, आणि टोचलं तर पिवळसर पाणी. त्याच दिवशी जेवणासाठी आणलेला शेवटो मासा शेजारी होता, म्हणून त्याचंही पोट निरखलं. त्याचं आतडं घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळ्यांवर वेटोळी, जठर कोंबडीच्या पेट्यासारखं टणक. शेवटो चिखलातला गाळ दिवसभर चघळत बसतो, त्याला तेवढा संसार लागतो. चोणक मांस गिळतो आणि मोकळा होतो. इतक्या आखूड घरात चांगला पाहुणा टिकणार किती वेळ, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नव्हता. सुचायला हवा होता.

खाद्यविक्रेत्याने दोन गोष्टी पुढे केल्या. एक प्रतिजैविक, "दोन दिवसांत थांबेल" या हमीसकट. दुसरं, प्रोबायोटिकचं पाकीट. पहिल्याला मी हात लावला नाही. सज्जनपणा वगैरे काही नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान असली औषधं किनारी मत्स्यशेतीत बंद आहेत एवढं ऐकून होतो, आणि त्या पुडीवर काय लिहिलंय ते विक्रेत्यालाही वाचता येत नव्हतं. पाकीट मात्र घेतलं. त्यावर उडी मारणारा मासा होता, "लॅक्टोबॅसिलस व इतर" असं होतं, आणि मुदतीची तारीख शाईच्या डागाखाली.

त्या पाकिटाचं मी काय केलं ते सांगायला अजून लाज वाटते. चुरा बंद करून मी घरीच खाद्य करायला घेतलं होतं. सुक्या मासळीची भुकटी, भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड. पावडर त्या पिठात मळली, मुटके वळले आणि मोठ्या कुकरला तीन शिट्ट्या दिल्या. वीस दिवस मी चोणकांना उकडलेले जीवाणू खाऊ घातले, आणि मासे मरायचे थांबत का नाहीत म्हणून पाकिटाला शिव्या दिल्या. आमच्या घरात दुधाला विरजण लावताना बोट बुडवून पाहतात, दूध जास्त गरम असेल तर दही लागणार नाही हे सातवीतल्या मुलाला कळतं. माझ्या डोक्यात पावडर म्हणजे औषध होतं आणि औषध उकळलं तरी औषधच.

त्या हंगामाला सहाशेतली नव्वद पिल्लं तळ्यात सोडण्याजोगी उरली. पुढचं बोलत नाही.

ओल्ड गोव्याला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. पावसाळ्यात तिथे गेलो तो कोर्गूट भाताचं काहीतरी विचारायला, मेव्हण्याच्या कामाने. बोलता बोलता माशांचा विषय निघाला आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका ताईंशी ओळख झाली. मी कुकरची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाकीट आहे अजून?" होतं, तळाशी चिमूटभर. पुढच्या खेपेला नेऊन दिलं. त्यांनी ते पाण्यात पातळ करत करत नेऊन जीवाणू उगवायच्या ताटलीवर पसरलं. तिसऱ्या दिवशी ताटली जवळजवळ कोरी होती. म्हणजे कुकरला एकट्यानेच पाप लागलं नव्हतं. वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उकाड्यात पडलेल्या पाकिटात आत काय होतं नि काय राहिलं होतं, देव जाणे.

त्यांच्याकडून जे कळलं ते माझ्या भाषेत असं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना (एफएओ) यांनी 2001 साली प्रोबायोटिकची व्याख्या केली, तिच्यातले दोन शब्द धरून ठेवायचे: जिवंत आणि पुरेसे. माशाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या आतड्यात जवळजवळ काहीच नसतं. तोंड उघडल्यावर पाणी आणि पहिलं अन्न यांच्याबरोबर जे आत जाईल ते तिथे घर करतं. हॅचरीतल्या टाकीत त्याला जे मिळालं, ते आमच्या खाजनातल्या गाळातलं नव्हे. मग ते येतं इथे, दीडशेच्या गर्दीत, आणि पाण्यात व्हिब्रिओ नावाचे रोग करणारे जीवाणू टपलेलेच असतात. खाऱ्या पाण्यात ते कायमचे रहिवासी, मासा धट्टाकट्टा असेल तर काही करत नाहीत. आपण घातलेले जीवाणू त्यांची जागा अडवतात, त्यांचं अन्न खातात, काही त्यांना न मानवणारी द्रव्यं सोडतात, प्रथिनं फोडणारी विकरं तयार करतात आणि माशाची रोगप्रतिकारशक्ती जरा जागी ठेवतात. पण ते कायम राहत नाहीत. खाद्यातून देणं बंद केलं की थोड्याच दिवसांत विष्ठेबरोबर निघून जातात. म्हणजे औषधासारखा पाच दिवसांचा कोर्स नाही, रोजचा शिधा आहे.

आणि पाकीट घेताना बॅसिलस बघायचं. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस. हे जीवाणू दिवस वाईट आले की स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू होतात आणि झोपतात. उन्हाळा, वाळवण, गोळी-खाद्याच्या यंत्रातली उष्णता, बरंच सोसतात. दुधातले लॅक्टोबॅसिलस बिचारे तसे नाहीत. ताईंनी दाखवलं, नमुना ऐंशी अंशावर दहा मिनिटं ठेवायचा, इतर सगळं मरतं, आणि मग ताटलीवर जे उगवतं ते खरे बीजाणू. मला ती चाचणी फार आवडली. माणसांनाही लावता आली असती.

बायकोने विचारलंच, "मग ताक का नाही चालणार? फुकटचं." मीही विचारलं होतं. दह्यातले जीवाणू दुधावर पोसलेले. खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या पोटात ते तग धरतील याचा भरवसा नाही, आणि ताक पाण्यात विरघळून तळंच आंबवणार. शिवाय सोलकढीबरोबर ताक प्यायची सवय असलेला मासा आमच्या तालुक्यात अजून कुणी पाहिलेला नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये नवं बीज आलं. या खेपेला तयार तरंगतं गोळी-खाद्य, आणि बॅसिलसचं पाकीट, ग्रॅमला दोन अब्ज असं छापलेलं. किलोभर खाद्याला पाच ग्रॅम. हिशोब केला तर एक ग्रॅम खाद्यात एक कोटी जीवाणू पडतात, आणि ताईंच्या मते एवढे चालतात. पिल्लं बारा-बारा ग्रॅमची झाल्यावर चार हापे बांधले, प्रत्येकी दीडशे. दोन हाप्यांना पावडर लावलेलं खाद्य, दोन हाप्यांना साधं. साठ दिवस.

खाद्याला पावडर लावणं हे वाचायला एक ओळ, करायला आठवडाभराची शिकवणी. पहिल्या दिवशी मी पावडर नळाच्या पाण्यात कालवली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते कशासाठी असतं हे आठवल्यावर तो सगळा घाणा फेकला. विहिरीचं पाणी घेतलं तर ते जास्त झालं, गोळ्या फुगल्या, चोणकाने तोंडात घेतल्या आणि थुंकल्या. चोणक थुंकतो तेव्हा अगदी सुपारी थुंकल्यासारखा आवाज येतो, चेष्टा नाही. शेवटी अंड्याच्या पांढऱ्यावर गाडी आली. पांढरं चमच्याने जरासं फेटायचं, फेस येऊ द्यायचा नाही, त्यात पावडर, मग ते गोळ्यांवर ओतून दोन्ही हातांनी हलक्याने वरखाली करायचं, चिवड्याला फोडणी लागते तसं. मग सुपात पसरून सावलीत वीस मिनिटं. उन्हात नाही. बोटांना चिकटेनासं झालं की तयार. पाण्यात टाकल्यावर लेप सुटत नाही, आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं, कारण आमच्या दमट हवेत दुसऱ्या सकाळी त्याला कापूस येतो.

साध्या हाप्यांच्या खाद्यालाही मी अंड्याचं पांढरं लावत होतो, फक्त पावडरीशिवाय. हा ताईंचा हट्ट. "नाहीतर उद्या कळणार कसं, गुण जीवाणूंचा की अंड्याचा?"

वही ठेवली. किती दिलं, किती मेले, पाणी किती खारं, कोण काळवंडलं. मानस सांभाळणारे आबा रोज सकाळी बांधावर बसून हा सोहळा बघायचे. मानशीतून आपणहून शिरलेल्या चोणकाला कोण पावडर घालतं, असं त्यांचं म्हणणं. बिनतोड प्रश्न. माझं उत्तर असं होतं की नदीतल्या चोणकाला एवढ्याशा जाळीत दीडशे भाऊ नसतात. त्यावर आबा म्हणाले, "पयलीं उदक पळय मरे." आधी पाणी बघ. मी मान डोलावली आणि ऐकलं नाही.

साठाव्या दिवशी वजन केलं. पावडरवाल्या दोन हाप्यांत तीनशेतले 14 मेले होते, साध्या दोनांत 29. भावांच्या पोटात गेलेले दोन्हीकडे चाळिशीच्या आसपास, त्यात जीवाणूंना काही करता येत नाही. सरासरी वजन 64 ग्रॅम आणि 61 ग्रॅम, म्हणजे तराजूच्या थरथरीइतका फरक. खाद्य मात्र पावडरवाल्यांना किलोभर वाढीमागे 1.6 किलोच्या आत लागलं, साध्यांना 1.8. मी खूश. मेलेले निम्मे! दोन दिवस मी भेटेल त्याला हे सांगत सुटलो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका ओळखीच्या मत्स्यशेतकऱ्याला पाकिटाचा फोटोसुद्धा पाठवला.

तिसऱ्या दिवशी ताई तळ्यावर आल्या. वही चाळली, हापे बघितले, आणि विचारलं, "पावडरवाले कुठले?"

"ते दोन, मानशीकडचे."

"आणि साधे?"

"ते पलीकडे, खारफुटीजवळ."

त्या काहीच बोलल्या नाहीत. भरतीची वेळ होती. मी फळी काढलेली, पाणी फेसाळत आत येत होतं आणि ताजं ताजं पहिल्या दोन हाप्यांतून वाहत होतं. पलीकडच्या दोन हाप्यांपर्यंत पोचेतो त्याचा जोर संपलेला. तिथे पानं तरंगत होती आणि पाण्यावर तेलकट साय. माझे मला कान गरम झालेले कळले. बांधायला सोपे म्हणून दोन-दोन हापे जोडीने बांधले होते. सोय बघितली, पाणी बघितलं नाही. आबा बांधावर विडी ओढत होते. त्यांनीही काही म्हटलं नाही, पण त्यांचं न म्हणणं ताईंच्या न म्हणण्यापेक्षा मोठं होतं.

ताईंनी दोन्ही टोकांचं पाणी बाटल्यांत नेलं. व्हिब्रिओ मोजायची ताटली गर्द हिरव्या रंगाची असते, तिच्यावर ते पिवळ्या नाहीतर हिरव्या ठिपक्यांनी उगवतात. मोबाइलवर फोटो आला: मानशीकडच्या ताटलीवर मोजता येतील एवढे पिवळे ठिपके, खारफुटीकडच्या ताटलीवर हळदीकुंकवाला हळद सांडावी तसं.

पुढच्या नोव्हेंबरात मी जागा उलटवल्या. पावडरवाले खारफुटीकडे, साधे मानशीकडे. बाकी सगळं तेच, अंडंसुद्धा. साठ दिवसांनी पावडरवाल्यांत 19 मेले, साध्यांत 23. वजनात फरक नाही. खाद्य दोन्हीकडे जवळपास सारखं. म्हणजे पहिल्या वर्षी पावडरीच्या खात्यावर मांडलेलं बरंचसं पुण्य भरतीच्या पाण्याचं होतं. पण सगळं नव्हे. वाईट पाण्यात बांधलेले हापे चांगल्या पाण्यातल्यांच्या बरोबरीने राहिले, किंचित सरस राहिले, हे काही कमी नाही. आदल्या वर्षी त्याच जागी 29 मेले होते. आणि वहीत एक गोष्ट दोन्ही वर्षं सारखी दिसते. पावडरवाल्यांतलं मरण विखुरलेलं आहे, आज एक, चार दिवसांनी एक. साध्यांतलं मरण निवडणीनंतरच्या तीन-चार दिवसांत ढिगाने. पांढरा दोरा पावडरवाल्यांत दोन्ही वर्षांत मिळून एकदाच दिसला.

आता मी काय करतो? पावडर बंद केलेली नाही, पण वर्षभर प्रत्येक किलोला चोपडत नाही. हाप्यातले साठ दिवस रोज देतो. तळ्यात सोडल्यावर थांबवतो आणि मेच्या शेवटी पुन्हा सुरू करतो, कारण पहिल्या पावसात तळ्याचं खारेपण आठवड्याभरात उतरतं. चोणक गोड्या पाण्यातही जगतो, तरी तो बदल त्याला जड जातो. जूनभर देतो. जुलै संपेपर्यंत विकून मोकळा होतो, म्हणजे मासेमारी बंदीच्या 61 दिवसांतला भाव मिळतो. पुढे श्रावण लागला की निम्म्या गिऱ्हाइकांना माशाचा वास नको असतो. पाकीट घेताना जीवाणूचं नाव, ग्रॅममागचा आकडा आणि तारीख या तीन गोष्टी वाचता आल्या नाहीत तर परत ठेवतो. घरी ते फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी असतं. त्या म्हापशाच्या मत्स्यशेतकऱ्याला मी दुसऱ्या वर्षीचे आकडेही पाठवले. त्याने अंगठा दाखवला आणि पाकिटं आणखी दोन मागवली. लोकांना पहिलाच आकडा आवडतो.

खारफुटीच्या टोकाला मी एक सहा इंची पाइप घातलाय, सुकतीला तिकडचं कुजकं पाणी बाहेर पडावं म्हणून. त्याचा खर्च चार वर्षांच्या पावडरीएवढा आला.

यंदा हापे एकाआड एक बांधलेत: पावडर, साधा, पावडर, साधा. मानशीपासून खारफुटीपर्यंत एका ओळीत. काल पहिली निवडणी झाली. आबांनी पिल्लं धरायला मदत केली, आणि जाताना विचारलं, "पिवळं कितें करता रे आतां?" वाटीभर त्यांच्या नातवासाठी दिलं.